बालगंधर्वांच्या गाण्यामागे कुणाचे पाय होते?
नारायण श्रीपाद राजहंस म्हणजेच बालगंधर्व. लहानपणी ते जळगावात मेहबूब खाँकडे गाणं शिकले. १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत गेले, १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली.

तिथे साथीला ऑर्गन असायचा. साध्या पेटीत एक हात भात्यावर अडकतो. ऑर्गनचा भाता पायांनी चालतो. दोन पेडल आळीपाळीनं दाबायची, दोन्ही हात सुरांना मोकळे. वाटतं तितकं सोपं नाही हं! पाय रेंगाळले की सूर पडतो, पायांनी तबल्याचा ठेका धरला की सूर हिंदकळतो. त्यात गंधर्वांचं एकेक पद वन्समोअर घेत लांबणार. हरिभाऊ देशपांडे हे सगळं सांभाळत.

पुढे मंडळी कर्जात बुडाली. १९३५ मध्ये गंधर्व ‘धर्मात्मा’ बोलपटात दिसले, पण रंगभूमीवरच परतले. १९६७ मध्ये ते गेले. जळगावच्या खुल्या नाट्यगृहाला त्यांचंच नाव आहे.