हजरत असमा (रजि.) यांचा टंचाईचा संसार

अमरावतीच्या राजापेठेत काय किंवा अकोल्याच्या एखाद्या गल्लीत काय, तरुण जोडप्याच्या घरी पहिले मूल जन्माला येते तेव्हा आनंदाबरोबर हिशेबाची वहीही उघडते. प्रसूतीचा खर्च, घरभाडे, औषधे, किराणा दुकानातील उधारी, मोटारसायकलचा हप्ता. भेटायला आलेले पाहुणे अकीक्याची तारीख विचारतात आणि तरुण बाप हसून विषय बदलतो. रात्री बाळ झोपल्यावर पती-पत्नी हळू आवाजात बेरीज-वजाबाकी करीत बसतात. ही विवंचना जणू आपल्याच वाट्याला आली आहे आणि ती चारचौघांत कळली तर अब्रू जाईल, असे त्यांना वाटत राहते. मक्केहून हिजरत करून आलेल्या मुसलमानांच्या घरी मदीनेत जे पहिले मूल जन्मले, त्या घराची हकीकत अशा वेळी आठवावी. बाळाचे नाव अब्दुल्लाह. वडील हजरत जुबैर बिन अव्वाम (रजि.), आई हजरत असमा बिन्ते अबू बक्र (रजि.).

असमा (रजि.) यांचा जन्म संपन्न घरातला. वडील हजरत अबू बक्र (रजि.) हे मक्केतील नावाजलेले कापड-व्यापारी. इस्लाम स्वीकारला तेव्हा त्यांच्यापाशी चाळीस हजार दिरहम होते, असे इतिहासकार नोंदवतात. गुलामांना विकत घेऊन मुक्त करण्यात आणि दीनच्या कामात ही रक्कम घटत गेली. इ.स. ६२२ मध्ये प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यासह हिजरतीला निघताना पाच-सहा हजार उरले होते, तेही त्यांनी सोबत घेतले. घरात मागे मुली होत्या आणि दृष्टी गेलेले वृद्ध आजोबा, अबू कुहाफा. मुलाने कुटुंबाला उघड्यावर टाकले, अशी शंका आजोबांनी बोलून दाखवली. असमा (रजि.) यांनी भिंतीतल्या ज्या कोनाड्यात वडील पैसे ठेवीत, तेथे खडे रचले, वर कापड पसरले आणि आजोबांचा हात धरून त्यावर ठेवला. म्हाताऱ्याचे समाधान झाले. घरात तर एक दिरहमही नव्हता.

त्याच प्रवासाची शिदोरी त्यांनी बांधली होती. शिदोरीची पिशवी आणि पाण्याची पखाल बांधायला दोरी सापडेना, तेव्हा त्यांनी आपला कमरबंद फाडून त्याचे दोन भाग केले. यावरून ‘जातुन्निताकैन’ म्हणजे दोन कमरबंदवाली, ही उपाधी त्यांना मिळाली आणि ती जन्मभर राहिली. अबू जहल दारात आला, वडील कोठे आहेत म्हणून दरडावू लागला. त्यांनी सांगितले नाही. त्याने इतक्या जोराने थप्पड मारली की कानातला दागिना गळून पडला.

थोड्याच काळाने त्या स्वतः मदीनेला निघाल्या, तेव्हा त्यांचे दिवस भरत आले होते. वाळवंटातला तो प्रवास उंटावर बसून, नवव्या महिन्यात. मदीनेच्या वेशीवर कुबा येथे पोहोचल्या आणि तेथेच अब्दुल्लाह जन्मले. बाळाला त्यांनी प्रेषितांच्या मांडीवर ठेवले. प्रेषितांनी एक खजूर मागवला, तो चावून मऊ केला, बाळाच्या तोंडात लावला आणि त्याच्यासाठी दुआ केली. बाळाच्या पोटात गेलेली पहिली वस्तू ती. मुहाजिरांना आता मूलबाळ होणार नाही, अशी अफवा शहरात फिरत होती, त्यामुळे लोकांना अतिशय आनंद झाला. त्या सोहळ्याचा खर्च किती? एक खजूर. अकीका ही सुन्नत आहे, पण ज्याला झेपेल त्याच्यासाठी. मंडप आणि बिर्याणीच्या डेगा यांसाठी व्याजाने पैसे काढणारी घरे आपल्या वऱ्हाडातही आहेत आणि त्या कर्जाचे हप्ते बाळ शाळेत जाऊ लागले तरी फिटत नाहीत.

आता घरातली परिस्थिती पाहावी. असमा (रजि.) यांनी ती स्वतः सांगितली आहे आणि हदीसच्या ग्रंथांत ती जतन झाली आहे. जुबैर (रजि.) यांच्याशी निकाह झाला तेव्हा त्यांच्यापाशी जमीन नव्हती, नोकर नव्हता, काहीच नव्हते. होता तो एक घोडा आणि पाणी ओढणारा एक उंट. जुबैर (रजि.) हे प्रेषितांच्या आत्याचे, हजरत सफिया (रजि.) यांचे पुत्र, जिवंतपणीच जन्नतची खूशखबर मिळालेल्या दहा सहाबांपैकी एक. पण चुलीपाशी त्याचा काय उपयोग! घोड्याला चारा घालायचा, त्याची निगा राखायची, पाणी भरायचे, चामड्याची मोट फाटली की शिवायची, पीठ मळायचे, ही सारी कामे असमा (रजि.) यांच्यावर होती. मक्केच्या व्यापाऱ्याची लेक मदीनेत मोट शिवत होती.

या हकिकतीत एक बारीक गोष्ट आहे. त्यांनी मोकळेपणाने सांगून टाकले आहे की रोट्या भाजणे त्यांना नीट जमत नसे. कणीक त्या मळत आणि शेजारच्या अन्सारी स्त्रिया रोट्या भाजून देत. त्या शेजारणी मनाने अगदी खऱ्या होत्या, असेही त्यांनी आवर्जून नोंदवले आहे. आपल्याकडे बाळंतिणीच्या घरात शेजारीण डोकावली की आधी खोली आवरण्याची धावपळ सुरू होते, चहाला दूध नाही हे लपवले जाते. प्रेषितांच्या सर्वांत जवळच्या सोबत्याच्या मुलीला मात्र शेजारणीच्या तव्यावर रोट्या भाजून घेण्याची लाज वाटली नाही, आणि मोठेपणी ती गोष्ट लोकांना सांगण्याचीही वाटली नाही.

काही वर्षांनी प्रेषितांनी जुबैर (रजि.) यांना जमिनीचा एक तुकडा दिला. तो घरापासून दोन-तृतीयांश फरसख दूर होता, म्हणजे आजच्या मापाने साडेतीन किलोमीटरच्या आसपास. राजापेठेतून बडनेऱ्याकडे पायी निघालेला माणूस एवढ्या चालण्यात जेमतेम निम्मी वाट काटेल. तेथून खजुराच्या बिया गोळा करायच्या, डोक्यावर घेऊन घरी आणायच्या आणि कुटून जनावरांना घालायच्या. आपल्याकडे गुरांना सरकीची ढेप घालतात, तसा तो तेथला खुराक. अब्दुल्लाह अजून लहानच होते.

एके दिवशी डोक्यावर ओझे घेऊन त्या येत असताना वाटेत प्रेषित भेटले, सोबत काही अन्सारी पुरुष होते. प्रेषितांनी असमा (रजि.) यांना हाक मारली आणि त्यांना मागे बसवून घ्यावे म्हणून आपला उंट बसवू लागले. इतक्या पुरुषांसोबत जाण्याचा असमा (रजि.) यांना संकोच वाटला, पतीचा स्वाभिमानी, तापट स्वभावही आठवला. प्रेषितांनी तो संकोच ओळखला आणि एक शब्दही न बोलता ते पुढे निघून गेले. घरी आल्यावर त्यांनी ही गोष्ट पतीला सांगितली. जुबैर (रजि.) यांचे उत्तर असे की, प्रेषितांच्या उंटावर तू बसली असतीस तर मला जेवढे जड गेले असते, त्याहून तुझे हे ओझे वाहणे मला अधिक जड जाते.

हा प्रसंग बहुधा स्त्रीच्या लज्जेचे आणि पतीच्या गैरतचे उदाहरण म्हणून सांगितला जातो. ते चूक नाही. परंतु मला त्यातले पतीचे शेवटचे वाक्य महत्त्वाचे वाटते. पत्नीच्या डोक्यावरच्या ओझ्याचे वजन त्यांना ठाऊक होते. ते हलके करता येत नाही याचे दुःख होते आणि ते त्यांनी बोलून दाखवले. तंगीच्या दिवसांत पुष्कळ घरांत हेच बोलणे बंद होते. पुरुष कमाईच्या काळजीने गप्प राहतो, स्त्री थकव्याने, आणि मग तोंड उघडते ते भांडणासाठीच.

पुढे अबू बक्र (रजि.) यांनी घोड्याची देखभाल करण्यासाठी एक सेवक पाठवला. दुसऱ्या रिवायतीत ही मदत प्रेषितांकडून आल्याचे म्हटले आहे. असमा (रजि.) यांना त्या दिवशी बंधनातून सुटल्यासारखे वाटले. मुलीच्या संसारात ढवळाढवळ न करता तिच्या पाठीवरचे सर्वांत जड काम तेवढे उचलावे, ही अबू बक्र (रजि.) यांची रीत आजच्या माहेरांनीही पाहावी.

हात आखडलेला असतानाही या घराचे दार बंद झाले नाही. एक गरीब माणूस आला आणि घराच्या सावलीत बसून माल विकू का, असे विचारू लागला. असमा (रजि.) यांची इच्छा होती, पण पतीला न विचारता होकार दिला तर ते नाकारतील अशी भीतीही होती. त्यांनी त्याला सांगितले, जुबैर घरी असताना येऊन विचार. तो तसा आला. तेव्हा त्यांनीच त्याला दटावले की साऱ्या मदीनेत तुला माझेच घर दिसले काय! जुबैर (रजि.) यांना ते ऐकवले नाही. गरिबाला का अडवतेस, असे तेच म्हणाले. तो माणूस त्या सावलीत बसून विक्री करू लागला आणि त्याने चार पैसे गाठीला बांधले. पतीचा स्वभाव ओळखून चांगले काम त्याच्याच तोंडून वदवून घेणाऱ्या स्त्रीची ही हुशारी वाचताना हसू येते.

त्यांनी प्रेषितांना एकदा विचारले होते की माझे स्वतःचे असे काही नाही, पती आणून देतात तेवढेच. त्यातून मी दान करावे काय? प्रेषितांनी सांगितले की जमेल तितके द्यावे. गाठ मारून, मोजून ठेवू नये, नाही तर अल्लाहही मोजूनच देईल. असमा (रजि.) यांनी हा उपदेश असा धरला की पुढे हाती पैसा आला तरी उद्यासाठी म्हणून त्या काही ठेवीत नसत. त्यांच्या भगिनी हजरत आयशा (रजि.) थोडे थोडे साठवून एकदम वाटून टाकीत, यांची रीत निराळी, आले की दिले.

अर्थात प्रत्येक घराला अबू बक्र (रजि.) यांच्यासारखे माहेर नसते, हेही त्या पिढीने ओळखले होते. हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीत मदीनेबाहेर एक काफिला उतरला होता. रात्री पहारा देताना उमर (रजि.) यांनी एक मूल पुन्हा पुन्हा रडताना ऐकले. आईला विचारले तेव्हा कळले की ती त्याचे दूध वेळेआधीच तोडत आहे, कारण खलीफा दूध तुटलेल्या मुलालाच भत्ता देतात. आपल्यासमोर खलीफाच उभे आहेत हे तिला ठाऊक नव्हते. त्या दिवशी फज्रच्या नमाजीत रडण्यामुळे उमर (रजि.) यांची किराअत लोकांना नीट कळेना. नमाज संपताच त्यांनी दवंडी पिटवली की मुलांचे दूध घाईने तोडू नका, जन्मलेल्या प्रत्येक मुलाला जन्मापासूनच भत्ता मिळेल. आईच्या दुधावर सरकारी नियमाचा असा परिणाम होतो, हे एका रात्रीत कळले आणि एका सकाळी नियम बदलला.

जुबैर (रजि.) यांचे दिवस पालटले. मदीनेत अकरा घरे, बसऱ्यात दोन, कुफा आणि मिसरमध्ये एकेक, शिवाय गाबा येथील जमीन. पण लोक त्यांच्याकडे अनामत ठेवायला येत आणि अनामत हरवली तर धन्याचे नुकसान होईल म्हणून ते ती रक्कम कर्ज म्हणून आपल्या अंगावर घेत. इ.स. ६५६ मध्ये जमलच्या युद्धाच्या दिवशी त्यांनी अब्दुल्लाह यांना बोलावून कर्जाची काळजी सांगितली. फेडता आले नाही तर माझ्या मालकाची मदत माग, असेही सांगितले. मुलाला कळेना की हा मालक कोण. अल्लाह, असे वडिलांनी स्पष्ट केले. त्याच दिवशी ते शहीद झाले. कर्ज मोजले तर ते २२ लाख निघाले.

कुब्यात एका खजुरावर ज्याचे स्वागत झाले, त्या मुलाने हे कर्ज फेडले. वडिलांनी १ लाख ७० हजारांना घेतलेली गाब्याची जमीन १६ लाखांना गेली. अब्दुल्लाह बिन जाफर (रजि.) यांचे ४ लाख येणे होते, ते माफ करायला तयार होते, थांबायलाही तयार होते. अब्दुल्लाह (रजि.) यांनी दोन्ही नाकारले आणि त्यांना जमिनीचा हिस्सा दिला. भाऊबंद वारसा वाटून मागू लागले, तेव्हा ते अडून बसले. चार वर्षे दर हजच्या वेळी त्यांनी पुकारा केला की जुबैर यांच्याकडे कोणाचे काही येणे असेल तर त्याने यावे. चार वर्षांनंतरच वाटणी झाली.

असमा (रजि.) आणि जुबैर (रजि.) पुढे विभक्त झाले होते आणि असमा (रजि.) मुलापाशी राहत. हिजरी ७३, इ.स. ६९२. हज्जाजच्या सैन्याने मक्केला वेढा दिला, सोबती सोडून गेले, तेव्हा अब्दुल्लाह (रजि.) आईचा सल्ला घ्यायला आले. शंभरीला टेकलेल्या, दृष्टी गेलेल्या आईने त्यांना सत्यावर ठाम राहण्यास सांगितले. ते लढता लढता मारले गेले. हज्जाज या वृद्धेपुढे आला आणि त्यांचा मुलगा दोन कमरबंदवालीचा मुलगा म्हणवला जाई, याचा त्याने टोमणा मारला. असमा (रजि.) यांनी शांतपणे सांगितले की होय, मीच ती. एका कमरबंदाने मी अल्लाहच्या प्रेषितांची आणि माझ्या वडिलांची शिदोरी बांधून ठेवीत असे, आणि दुसरा तो, ज्यावाचून कोणत्याच स्त्रीचे चालत नाही.