गाडगेबाबांचा खराटा

पटकीची साथ आली की गावोगावी मरीआईचा गाडा निघायचा. नारळ फुटत, कोंबडी-बकरी कापली जात आणि गाडा शिवेपार नेऊन सोडला की रोग गेला, असे समजले जाई. विहीर मात्र तीच राहायची. तिच्या काठावरचा चिखल, उकिरडा आणि जवळची हागणदारीही तशीच.

पटकीचा जंतू पाण्यातून पोटात जातो, हे रॉबर्ट कॉख यांनी 1884 मध्ये कलकत्त्यात तळ्याचे पाणी तपासून दाखवले. त्या वर्षी अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावचा देबूजी झिंगराजी जाणोरकर आठ वर्षांचा होता. जन्म 23 फेब्रुवारी 1876चा, घर परिटाचे. वडील दारूपायी लवकर गेले आणि आई सखूबाईंनी मुलाला घेऊन दापुरे गावी माहेरचा आसरा घेतला. तिथे देबूजी गुरे राखायला आणि शेत कसायला शिकला. शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही.

मुलीच्या बारशाला जातीच्या रीतीप्रमाणे दारू आणि मटण द्यायचे होते. देबूजींनी गोडाचे जेवण घातले. भाऊबंद रागावले. देव-दैवाच्या नावावर माणूस अंगावर रोग आणि कर्ज ओढवून घेतो, हे त्यांनी घरातच पाहिले होते. 1905 मध्ये त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचे कपडे, डोक्यावर फुटके गाडगे आणि हातात खराटा. भाकरी मागायची ती त्याच गाडग्यात. लोकांनी ठेवलेले नाव त्या गाडग्यावरूनच पडले.

पुढची पन्नास वर्षे त्यांचा दिनक्रम जवळजवळ एकच होता. गावात शिरायचे, कोणाशी फारसे न बोलता रस्ते झाडायला लागायचे. गटारे उपसायची, उकिरडे हलवायचे. एक वेडगळ म्हातारा आपल्या दारातली घाण काढतो आहे, हे पाहून हळूहळू चार माणसे खाली वाकत. रात्री त्याच झाडलेल्या जागेवर कीर्तन. वऱ्हाडी बोलीत ते श्रोत्यांना प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घेत. दारू, हुंडा, नवसाचे बकरे, शिवाशिव, कर्ज काढून केलेली लग्ने या सगळ्यांवर ते बोलत. पाया पडायला आलेल्याला काठी दाखवत.

झाडू मारणे हे ठरावीक जातींचे काम मानले जात होते. म्हणून पाटलाच्या हाती खराटा देणे ही नुसती आरोग्याची गोष्ट नव्हती. ज्याने घाण करायची आणि ज्याने ती उचलायची, ही वाटणीच बाबा मोडू पाहत होते. ही वाटणी टिकते तोवर कुठलीच वस्ती स्वच्छ राहत नाही, कारण घाण करणाऱ्याला तिची किंमत मोजावी लागत नाही.

खराट्याने पाण्यातला जंतू जात नाही, हे खरेच. पण माणसाची विष्ठा पावसाच्या लोंढ्याबरोबर नदी-विहिरीत उतरते आणि तेच पाणी प्यायले जाते, ही साखळी कुठेतरी तोडावी लागते. यात्रेत हजारो माणसे नदीच्या वाळवंटात उघड्यावर राहत, तिथेच शौचाला बसत आणि तेच पाणी तीर्थ म्हणून पीत. यात्रेकरू परतले की त्यांच्यामागून साथ गावात येई. पंढरपूरच्या वारीला हा धाक कितीतरी वर्षे होता. लोक देवळात रांगा लावत असताना बाबा बाहेर झाडत असत, असे सांगतात.

नुसत्या झाडण्याने भागत नाही, हे त्यांना कळत होते. पूर्णाकाठच्या ऋणमोचनला चिखलात घसरणाऱ्या यात्रेकरूंसाठी त्यांनी घाट बांधवला. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. पंढरपुरात अस्पृश्य वारकऱ्यांना कोणी थारा देत नसे, त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा झाली. 1949 मध्ये ती त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. मुंबईत जे. जे. रुग्णालयाच्या परिसरात रोग्यांचे नातेवाईक फुटपाथवर दिवस काढत होते. त्यांच्यासाठीही बाबांनी निवारा उभा केला. आजाऱ्याबरोबर आलेला माणूस उघड्यावर झोपला, उघड्यावर जेवला तर तोही आजारी पडणार, हे समजायला वैद्यकीची पदवी लागत नाही. तरीही ते फार थोड्यांना सुचले.

लाखो रुपयांची कामे झाली, पण स्वतःसाठी एक खोलीही नाही. बायको-मुले झोपडीत राहिली. मुलगा गोविंद 1923 मध्ये वारला, तेव्हा बाबा कोकणात खारेपाटणला कीर्तनात होते. निरोप आला, कीर्तन थांबले नाही. याला वैराग्य म्हणून गौरवतात. कुंताबाईंनी त्या दिवसांत काय सोसले, याची नोंद मात्र कोणी फारशी ठेवलेली नाही.

8 नोव्हेंबर 1956 रोजी मुंबईत वांद्रे पोलिस ठाण्यात त्यांनी केलेले कीर्तन ध्वनिमुद्रित झाले आहे. थकलेल्या आवाजातही प्रश्न विचारणे सुरूच होते. 20 डिसेंबरला अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ, पेढी नदीच्या परिसरात त्यांचा प्रवास थांबला. महाराष्ट्र सरकारने 2000-01 मध्ये गावांची स्वच्छता स्पर्धा सुरू केली, तिला त्यांचेच नाव आहे. परीक्षक येण्याच्या आदल्या दिवशी अनेक गावांत खराटे निघतात; बाबा मात्र न कळवता येत असत.