गणितात पैसा नाही म्हणून केमिकल इंजिनीअरिंग! कोण होते जॉन फॉन नॉयमन?

३ गुणिले ५ आणि ५ गुणिले ३, उत्तर एकच. पण अणूच्या जगात आधी कणाचे स्थान मोजले की संवेग, यावर उत्तर बदलते. अशा क्रमाने बदलणाऱ्या क्रियांचे, म्हणजे ऑपरेटरांचे बीजगणित उभे केले जॉन फॉन नॉयमन यांनी.

शिक्षण काय?
जन्म १९०३, बुडापेस्ट. गणितावर पोट भरेल का, ही बँकर वडिलांची चिंता. म्हणून झुरिकमध्ये केमिकल इंजिनीअरिंग, सोबत बुडापेस्टला गणितात पीएचडी. १९२६ मध्ये, २२व्या वर्षी, दोन्ही पदव्या हातात.

काम काय?
१९३२ मध्ये त्यांच्या पुस्तकाने क्वांटम मेकॅनिक्सला पक्का गणिती पाया दिला. १९३३ पासून ते प्रिन्स्टनच्या इन्स्टिट्यूट फॉर ॲडव्हान्स्ड स्टडीत प्राध्यापक होते. १९३६ पासून फ्रान्सिस मरे यांच्यासह त्यांनी या बीजगणितांचे प्रकार पाडले. एका प्रकारात तर मिती १, २, ३ अशीच नव्हे, अर्धी किंवा पावही असू शकते!

उपयोग काय झाला?
१९५७ मध्ये ५३व्या वर्षी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. पुढे १९८४ मध्ये याच बीजगणितांवर काम करताना व्हॉन जोन्स यांना दोरीच्या गाठींमधला फरक ओळखण्याची नवी रीत सापडली. १९९० मध्ये जोन्स यांना फील्ड्स पदक मिळाले.