दुष्काळ आणि कृतज्ञता : पंडिता रमाबाईंच्या उत्तरायुष्याचा एक विचार

पंडिता रमाबाईंच्या चरित्राची मांडणी मराठीत बहुधा दोन भागांत केली जाते. १८८२ मधील ‘स्त्रीधर्मनीति’ आणि आर्य महिला समाज, १८८९ मधील अमेरिकेचे प्रवासवृत्त आणि शारदा सदन येथपर्यंतच्या रमाबाई सुधारक व लेखिका म्हणून अभ्यासल्या जातात. केडगावच्या रमाबाई मात्र मिशनच्या इतिहासाकडे सोपविल्या जातात. ही विभागणी सोयीची आहे, परंतु तिच्यामुळे या जीवनातील एक सलग धागा तुटतो. तो धागा दुष्काळाचा आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ साली सह्याद्रीतील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या पत्नीला संस्कृत शिकविले होते, आणि रमाबाईंनी संस्कृत शिकले ते या आईकडून. दानधर्मात व आतिथ्यात संपत्ती सरल्यावर कुटुंब तीर्थयात्रेस निघाले आणि पुराणवाचनावर उदरनिर्वाह करू लागले. पुढे दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा पुराण ऐकून दक्षिणा देणारे हातच रिकामे झाले. अंगमेहनतीची सवय नव्हती, भीक मागण्याची लाज वाटत होती; दागिने आणि भांडीकुंडी विकून झाल्यावर झाडपाल्यावर दिवस काढण्याची वेळ आली. १८७४ मध्ये वडील गेले, पाठोपाठ आई गेली, नंतर थोरली बहीण गेली. उरलेली दोन भावंडे पायी उत्तरेकडे निघाली. झेलमच्या काठी थंडीपासून बचाव करण्यासाठी त्यांनी जमिनीत खड्डे खणून स्वतःला कोरड्या वाळूने झाकून घेतले होते. व्रते, उपास, जप हे सारे यथासांग करूनही अन्न मिळाले नाही, हा अनुभव रमाबाईंच्या मनात खोल रुतला. त्यांच्या धर्मांतराची कारणमीमांसा करताना मिशनऱ्यांच्या प्रभावाचा विचार पुष्कळ होतो. या उपासमारीचा तितका होत नाही.

१८७८ मध्ये कलकत्त्यात पंडिता व सरस्वती या पदव्यांनी त्यांचा गौरव झाला. पण १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास वारला. त्याच वर्षी बिपिन बिहारी मेधवी यांच्याशी त्यांनी नोंदणी पद्धतीने विवाह केला. मुलगी मनोरमा अजून वर्षाचीही झाली नव्हती, तोच फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पती गेले. चोविसाव्या वर्षापूर्वी या स्त्रीने आई, वडील, बहीण, भाऊ आणि पती गमावले होते.

१८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तथापि त्याने त्यांचे समाधान झाले असे मानणे चुकीचे ठरेल. ज्या भगिनींनी आश्रय दिला त्यांच्याविषयी ऋणभाव बाळगूनही त्रैक्याच्या सिद्धान्तावर, चर्चच्या अधिकारावर त्या त्यांच्याशी वाद घालीत राहिल्या. ऋण मान्य करणे म्हणजे मान तुकविणे नव्हे, हे त्यांच्या पत्रव्यवहारातून पुनःपुन्हा जाणवते. पुढे १८९१ च्या सुमारास त्यांना जी शांती लाभली ती मताच्या पातळीवरची नव्हती. आपण आपल्या पुण्याईने नव्हे, तर कृपेने स्वीकारलो गेलो आहोत, ही ती जाणीव होती. पुण्य साठविता साठविता आईवडील उपाशी मेलेले जिने पाहिले, तिच्या दृष्टीने या जाणिवेला वेगळेच वजन होते.

या श्रद्धेची किंमतही त्यांनी मोजली. १८९३ मध्ये शारदा सदनातील धर्मप्रभावावरून वाद पेटला, रानडे व भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला आणि अनेक पालकांनी मुली काढून घेतल्या. त्या वादात टीकाकारांची बाजू सर्वस्वी निराधार होती, असे प्रस्तुत लेखिकेस वाटत नाही. प्रार्थनेची खोली उघडी ठेवणे आणि धर्मप्रसार करणे यांतील सीमारेषा रमाबाईंना जितकी स्पष्ट वाटे, तितकी ती नव्हती.

मग १८९६ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातील उपासमारीची वार्ता येताच रमाबाई तिकडे गेल्या. या जाण्याचे मूळ त्यांनी स्वतः आपल्या तरुणपणीच्या उपासमारीत दाखविले आहे. बावीस वर्षांपूर्वी जी मुलगी अन्नाविना भटकत होती, तीच आता भुकेल्या मुली गोळा करीत हिंडत होती. सरकारी निवारागृहांत स्त्रियांची काय दशा होते हे त्यांनी पाहिले, आणि १८९७ मध्ये पुण्यातील प्लेगच्या व्यवस्थेवरही वृत्तपत्रात पत्र लिहून कठोर टीका केली. त्या वर्षी सुमारे ३०० मुली त्यांनी आणल्या. पुण्यात त्यांना ठेवण्यास मनाई झाल्यामुळे केडगावच्या शेतावर झोपड्या उभ्या राहिल्या. तेथेच मुक्ती सदन झाले. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर तेथील संख्या जवळजवळ २,००० वर गेली.

येथे कृतज्ञता हा शब्द जपून वापरावा लागतो. रमाबाईंच्या ठायी ती केवळ भजनात प्रकट झाली नाही. विहिरी, धान्याची कोठारे, माग, अंध मुलींसाठी ब्रेल लिपीचे वर्ग, फसविल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन आणि मुलींनीच चालविलेला छापखाना, ही तिची रूपे होत. १९०५ मधील तेथील धर्मजागृतीविषयी बाहेर पुष्कळ लिहिले गेले. आपल्या दृष्टीने छापखाना अधिक महत्त्वाचा.

कारण त्या छापखान्यासाठी रमाबाईंनी बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. प्रचलित भाषांतर संस्कृतप्रचुर आहे आणि त्यातील शब्द वेदान्ताचे अर्थ सोबत आणतात, हा त्यांचा आक्षेप होता. त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकल्या. ‘स्त्रीधर्मनीति’चे भारदस्त, समासबहुल गद्य लिहिणारी पंडिता आता केडगावच्या अर्धशिक्षित बाईला कळेल असा शब्द शोधू लागली. मुळाशी इमान राखण्याच्या आग्रहाने हे भाषांतर अनेक ठिकाणी खडबडीत झाले आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु ज्या विद्येने त्यांना सन्मान दिला, तिचाच थाट त्यांनी भुकेतून वाचलेल्या मुलींसाठी उतरवून ठेवला. आपल्या भाषांतरविचारात या कृतीची दखल क्वचितच घेतली जाते.

जुलै १९२१ मध्ये मिरज येथे मनोरमाबाई वारल्या. मुक्ती सदनाची धुरा जिच्यावर सोपवावयाची ती मुलगी गेली. श्रवणशक्ती पूर्वीच मंदावलेली, प्रकृती खालावलेली. तरीही रमाबाईंचे भाषांतराचे काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांचे निधन झाले. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रकाशित झाले.