पेटीतलं बाळ आणि गंज पेठेतलं दार



आजचं वाचन महाभारतातलं, वनपर्वातलं कुंडलाहरण पर्व. कुंती अजून कुमारी आहे. बाळ झालंय आणि कोणाला सांगायची सोय नाही. मेण लावून बंद केलेल्या पेटीत ती मऊ अंथरूण घालते, बाळाला निजवते आणि पेटी अश्वनदीत सोडते. तिथून चर्मण्वती, मग यमुना, मग गंगा असं वाहत बाळ चंपानगरीपाशी पोचतं. अधिरथ सूताला ते सापडतं आणि त्याची बायको राधा त्याला पोटाशी धरते.

ही गोष्ट आपण नेहमी कर्णाच्या बाजूने ऐकतो. या वेळी मी कुंतीपाशीच अडकलो. तिच्याजवळ विश्वासाची दाई होती, पेटी होती, नदी होती. नव्हतं ते फक्त एक दार, जिथे बाळ सुखरूप ठेवून तिला परत जाता आलं असतं.

असं दार आपल्या महाराष्ट्रात १८६३ साली उघडलं. पुण्याच्या गंज पेठेत, जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या राहत्या घरात. सावित्रीबाई म्हटलं की आपल्याला शाळा आठवते. आज त्यांच्या आयुष्यातल्या या दाराबद्दल.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ चा, सातारा जिल्ह्यातल्या नायगावचा. नवव्या वर्षी लग्न झालं. लिहायला-वाचायला जोतीरावांनी शिकवलं. १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली आणि त्या शिक्षिका झाल्या. रस्त्यात लोक शेण, चिखल फेकायचे, म्हणून शाळेत बदलायला वेगळं लुगडं न्यायच्या. पुढच्याच वर्षी या कामापायी दोघांना सासऱ्यांचं घर सोडावं लागलं. इथपर्यंतची गोष्ट आपण सगळेच शाळेत शिकलोय.

त्या काळी उच्चवर्णीय घरांत मुली बालपणीच विधवा व्हायच्या. १८५६ च्या कायद्याने पुनर्विवाहाला परवानगी दिली, पण समाजाने दिली नाही. अशी विधवा कुणाच्या फसवणुकीला किंवा जबरदस्तीला बळी पडली आणि दिवस गेले, तर पुरुष नामानिराळा राहायचा. तिच्यापुढे उरायची विहीर, नाहीतर विषारी औषधं.

जोतीरावांचे स्नेही सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरी काशीबाई नावाची तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. शेजारच्या एका शास्त्र्याने तिला नादी लावलं. गर्भ पाडायचे उपाय फसले, मुलगा झाला, आणि बदनामीच्या धास्तीने तिने त्याला मारून घरामागच्या विहिरीत टाकलं. खटला चालला आणि तिला काळ्या पाण्याची जन्मठेप झाली.

फुले पती-पत्नींनी यावर हळहळ व्यक्त करून विषय सोडला नाही. त्याच वर्षी आपल्याच घरात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. ब्राह्मण वस्तीच्या कोपऱ्याकोपऱ्यावर छापील जाहिराती चिकटवल्या. त्यांचा आशय असा, की विधवांनी इथे येऊन गुपचूप आणि सुखरूप बाळंत व्हावं. मूल सोबत न्यायचं की इथेच ठेवायचं हे त्यांनी ठरवावं. ठेवलं तर ते इथे सांभाळलं जाईल. ज्या समाजातून अंगावर शेण आलं, त्याच समाजातल्या लेकीसुनांची बाळंतपणं आणि बाळांची देखभाल सावित्रीबाईंनी आपल्या घरात केली. आणि दोघांना स्वतःचं मूल नव्हतं.

आता एक आकडा, ज्याने मला रात्री झोप लागू दिली नाही. जोतीरावांनी १८८४ मध्ये लिहून ठेवलंय, की तोवर पस्तीस गर्भवती विधवा या घरात येऊन बाळंत झाल्या. त्यांच्या मुलांपैकी जिवंत होती फक्त पाच. बाकीची तीस गेली. गर्भ लपवण्यासाठी आयांनी आधीच घेतलेल्या औषधांचं विष त्यांना पोटातच लागलं होतं.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात पस्तीसला पाच असा निकाल आला, तर पहिल्या तिमाहीतच काम गुंडाळतात. इथे दार एकवीस वर्षं उघडं होतं. निष्काम कर्म हा शब्द मी किती सहज टाईप करतो! सावित्रीबाईंच्या बाबतीत त्याचा अर्थ होता, तिसावं बाळ गेल्यावरही पुढच्या बाईसाठी अंथरूण घालणं.

इथेच १८७४ च्या सुमारास एका ब्राह्मण विधवेला झालेला मुलगा त्यांनी दत्तक घेतला. तो यशवंत. पुढे डॉक्टर झाला. १८९० मध्ये जोतीराव गेले, तेव्हा अंत्ययात्रेत टिटवं सावित्रीबाईंनी स्वतः धरलं. १८९७ ला पुण्यात प्लेग आला. यशवंतने शहराबाहेर दवाखाना थाटला आणि सावित्रीबाई रुग्ण आणत राहिल्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या आल्या. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. शेवटपर्यंत दुसऱ्याचं लेकरू उचलूनच.

कोणी म्हणेल, फुले दांपत्य तर सत्यशोधक, त्यांनी पुरोहितशाहीवर आणि पोथ्यांवर कडाडून टीका केली. मग भक्तीच्या पानावर त्यांचं काय काम? मला उलट वाटतं. आपण पंचवटीत सीतागुंफेच्या रांगेत उभे राहतो. आत जिची मूर्ती आहे ती सीतामाई जनकाला नांगराच्या तासात सापडली होती. कुळ न विचारता त्याने तिला लेक म्हटलं. जनकाने आणि राधेने जे केलं, ते ज्यांनी प्रत्यक्ष जगून दाखवलं, त्यांची टीका आपण ऐकून घ्यायलाच हवी.

आज ते दार कायद्यात आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार मूल सांभाळणं शक्यच नसेल, तर आई-वडील जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढे ते रीतसर सोपवू शकतात. फेरविचाराला दोन महिने मिळतात. नाइलाजाने मूल सोडावं लागलं असेल, तर शिक्षेची कलमं लागू होत नाहीत. १०९८ या हेल्पलाइनवर फोन करता येतो. तरी उकिरड्यावर बाळ सापडल्याच्या बातम्या येतातच, आणि आपण खाली कमेंट टाकतो की आई आहे की वैरीण. बाप कुठे होता हे कोणी विचारत नाही. त्या मुलीला दार ठाऊक नसतं, आणि ते सांगेल असं माणूसही जवळ नसतं.

म्हणून आजचा संकल्प एवढाच. १०९८ फोनमध्ये सेव्ह करा. आणि पुढच्या वेळी अशी बातमी दिसली, तर कमेंट करण्याआधी नदीकाठी उभी असलेली कुंती आठवा.

राम कृष्ण हरी.