घड्याळाच्या काट्यावर तोललेले रीळ : बेंजामिन मीक यांची जीवनकथा

जूनच्या पहिल्या तारखेला गोव्यातील यांत्रिक मासेमारी थांबते. मालीमच्या धक्क्यावर ट्रॉलर नांगरून पडतात, समुद्राला उधाण येते आणि जुलैअखेरपर्यंतचे ६१ दिवस जाळी दुरुस्त करण्यात जातात. हौसेने गळ टाकणाऱ्यांचीही या दिवसांत एक निराळी लगबग चाललेली असते. मांडवी-झुवारीच्या खाड्यांत, खारफुटीच्या मुळांशी दबा धरून बसलेल्या चोणकासाठी वापरलेली रिळे कपाटातून बाहेर निघतात. टेबलावर फडके पसरले जाते. चक्रे, मळसूत्रे, चाकांची दांडी असे एकेक अवयव सुटे होतात. क्षाराचा थर पुसला जातो, तेलाचा एखादा थेंब पडतो. कोणी जुने बेअरिंग काढून अधिक हलके बसवितो, कोणी आपल्या मुठीला जुळणारा दांडा शोधतो, कोणी येत्या मोसमासाठी नवेच रीळ मागवितो.

रीळ हे यंत्र आपल्या हाताला जुळवून घेण्याचा हा नाद मुळात घड्याळजींच्या बाकावर जन्माला आला. आज ज्याला बेटकास्टिंग रीळ म्हणतात त्याचा पूर्वज अमेरिकेतील केंटकी राज्यात घडला आणि त्याला परिपूर्ण रूप देणाऱ्या कारागिरांत अग्रमानाने घेतले जाणारे नाव आहे बेंजामिन फ्रँकलिन मीक. जुन्या रिळांच्या संग्राहकांमध्ये हे नाव आजही आदराने उच्चारले जाते. मात्र मीक यांचा जन्म सराफी आणि घड्याळे यांत गेला. रीळ ही त्यांच्या दुकानातील अनेक वस्तूंपैकी एक होती. पुढे तीच त्यांची ओळख ठरली.

न्यायाधीशांची मागणी

बेंजामिन यांचा जन्म १८१६ सालचा. त्या सुमारास केंटकीतील पॅरिस नावाच्या छोट्या गावी जॉर्ज स्नायडर हे घड्याळजी राहत होते. त्यांना गळ टाकण्याचा छंद होता. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत त्यांनी स्वतःसाठी एक वेगळे रीळ तयार केले. दांडा एकदा फिरविला की दोरी गुंडाळणारी फिरकी अनेक वेळा फिरेल, अशी त्याची योजना होती. एकाच्या अनेक फेऱ्या करणारी रिळे इंग्लंडमध्ये अठराव्या शतकातच विकली जात होती. परंतु त्यांची चक्रे कच्ची असत आणि मासा मोठा लागला की दगा देत. स्नायडर यांनी त्यांना घड्याळाची अचूकता दिली.

केंटकीच्या नद्यांत ब्लॅक बास हा लढवय्या मासा मिळे. पाण्यात बुडालेले ओंडके आणि खडक यांच्या आडोशाला तो राहतो. छोटासा जिवंत मासा गळाला लावून नेमका त्याच्या पुढ्यात टाकावा लागे. तोवर रिळाचे काम दोरी साठविणे आणि ओढून घेणे एवढेच होते. आमिष फेकण्यापूर्वी दोरी हाताने सोडून घ्यावी लागे. स्नायडर यांच्या रिळाची फिरकी इतकी सुलभ फिरे की काठी झटकताच आमिषाच्या वजनानेच दोरी तिच्यावरून सुटत जाई. फेकण्याची ही पद्धत म्हणजेच आजचे बेटकास्टिंग.

फ्रँकफर्ट ही केंटकीची राजधानी केंटकी नदीच्या काठी वसली आहे. तेथील न्यायाधीश मेसन ब्राऊन यांना स्नायडर यांच्यासारखेच रीळ हवे होते. १८३०च्या दशकात त्यांनी गावातील जोनाथन फ्लेमिंग मीक या घड्याळजीला ते घडविण्यास सांगितले, अशी हकीकत केंटकीतील रिळांच्या इतिहासात सांगितली जाते. जोनाथन हे बेंजामिन यांचे वडीलबंधू. एका ग्राहकाच्या हट्टापायी हाती घेतलेले ते काम भावंडांच्या दुकानाला नवी दिशा देणारे ठरले.

पुढे दोघे बंधू भागीदारीत काम करू लागले. चांदीचे चमचे, दागिने, घड्याळांची दुरुस्ती हा त्यांचा नित्याचा व्यवसाय होता. त्याच बाकावर, त्याच कानसी आणि चिमट्यांनी रिळे घडू लागली.

चार फेऱ्यांचे गणित

हे काम घड्याळजीलाच का जमावे, याचे उत्तर रिळाच्या रचनेत आहे. दांड्याच्या आसावर मोठे दंतचक्र असते. ते फिरकीच्या आसावरील लहान चक्राला फिरविते. दातांची संख्या चारास एक अशी ठेवली म्हणजे दांड्याच्या एका फेरीत फिरकी चार वेळा फिरते. मात्र त्या काळच्या रिळांत आमिष फेकताना चक्रे फिरकीपासून अलग होत नसत. फिरकी उलट फिरे, तिच्याबरोबर दोन्ही चक्रे आणि दांडाही गरगरत. त्यामुळे कोठेही जरासे घर्षण राहिले की आमिष जवळच पडे. दांड्याचा तोल बिघडला की सगळे रीळ थरथरे. म्हणून दांड्याच्या एका टोकास मूठ आणि दुसऱ्या टोकास तिच्या तोलाचे वजन ठेवीत. आसाची टोके घड्याळातील चाकांच्या टोकांसारखी बारीक आणि गुळगुळीत करावी लागत. चक्राचा एखादा दातही ओबडधोबड राहून चालत नसे.

गती मिळाली की दुसरे संकट उभे राही. आमिष पाण्यावर पडून थांबते, फिरकी मात्र फिरतच राहते. सुटलेल्या दोरीला जायला वाट नसते आणि तिचे क्षणात घरटे होते. त्याला आवर घालायचा तो अंगठ्याने. फिरकीवर अंगठा हलका टेकवून, दोरी किती सुटत आहे ते बोटाच्या पेराने ओळखायचे, हे ज्याचे त्याने शिकायचे असे. रीळ जितके चपळ, तितका अंगठा तरबेज हवा. म्हणजे रीळ आणि माणूस यांची जोडी जमल्याशिवाय त्या चपळतेचा उपयोग नव्हता.

मीक बंधूंच्या काळात पितळेच्या जागी जर्मन सिल्व्हर हा धातू आला. तांबे, जस्त आणि निकेल यांच्या या मिश्रणात नावापुरतीही चांदी नसते. पण ते पितळेपेक्षा कठीण असते आणि उत्तम झिलई घेते. रिळाच्या बाजूवर बारीक सरकत्या कळा बसविल्या जात. एक कळ सरकविली की मासा दोरी ओढताना टकटक आवाज होई. दुसरी सरकविली की फिरकीवर ताण बसे. रिळांना आकारानुसार क्रमांक असत. बाससाठी मधले, मोठ्या माशांसाठी मोठे. काही रिळांवर घेणाऱ्याचे नाव कोरलेले आढळते.

असे रीळ दुकानात जाऊन चटकन उचलून आणण्याची वस्तू नव्हती. ते सांगून करवून घ्यावे लागे आणि एकेक अवयव हातानेच घडत असल्याने त्याला वेळ लागे. पाणी थंड झाले की बास सुस्तावतो. वसंतात नदीवर जायचे असेल, तर रिळाची तजवीज हिवाळ्यातच करायला हवी, हा हिशेब कोणाही गळ टाकणाऱ्याला उमजण्यासारखा होता.

भागीदारीची फाटाफूट

१८५०च्या दशकाच्या प्रारंभी जोनाथन यांनी फ्रँकफर्ट सोडून लुईव्हिल शहराचा रस्ता धरला. बेंजामिन मागे राहिले. त्यांनी बेंजामिन मिलम यांच्याशी भागीदारी केली. मिलम याच दुकानात उमेदवारी करून शिकलेले होते आणि मधल्या काळात मेक्सिकोविरुद्धच्या युद्धात लढून आले होते. ही भागीदारीही काही वर्षांतच संपली, परंतु दोघांच्या जोडनावाची मुद्रा त्यानंतरही बराच काळ रिळांवर उमटत राहिली. नावाला एवढी किंमत आली होती.

ज्याला शिकविले तोच आता त्याच गावात, त्याच वस्तूचा तोलामोलाचा कारागीर झाला होता. मिलम यांनी पुढे आपल्या मुलासह रिळांचा व्यवसाय इतका वाढविला की १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात आणि १८९८ साली नॉर्वेतील बर्गेन येथे त्यांच्या रिळांना पारितोषिके मिळाली. दोघांच्या रिळांतील बारकावे पारखण्यात आजचे संग्राहक तासन् तास घालवितात.

यादवी युद्धाची झळही या गावाला लागली. १८६२च्या सप्टेंबरात दक्षिणेच्या फौजेने फ्रँकफर्ट काही काळ ताब्यात घेतले. उत्तरेच्या पक्षात राहिलेल्या राज्यांपैकी शत्रूच्या हाती पडलेली ही एकमेव राजधानी. अशा दिवसांत घड्याळजीच्या दुकानात रिळाची चौकशी करणारे किती असणार? तरीही ही कला टिकली.

साठीनंतरचा प्रारंभ

१८८१ साली जेम्स हेन्शल या डॉक्टरांचा ब्लॅक बास माशावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. केंटकीच्या रिळांची कीर्ती त्याने राज्याबाहेर नेली. याच सुमारास, साठी उलटून गेल्यावर, बेंजामिन मीक यांनी एक धाडसी निर्णय घेतला. आयुष्यभराची ओळख असलेले फ्रँकफर्ट सोडून ते लुईव्हिलला गेले आणि मुलांना सोबत घेऊन बी. एफ. मीक अँड सन्स ही पेढी त्यांनी उभारली. घड्याळांच्या जोडीने चालणारी रिळे आता मुख्य व्यवसाय झाली.

या उतारवयातही त्यांची सुधारणेची ओढ संपली नव्हती. सरळ दातांच्या चक्रांऐवजी तिरकस दातांची चक्रे त्यांच्या रिळांत आली. सरळ दात एकदम भिडतात आणि एकदम सुटतात; तिरकस दात हळूहळू भिडतात, त्यामुळे फिरकी अधिक मऊ चालते. घड्याळात आसाच्या टोकाशी माणिक बसवितात, तसे खड्यांचे टेकू हव्या त्या ग्राहकाच्या रिळांत बसविले जाऊ लागले. ज्याला जसे हवे तसे, हे धोरण पेढीच्या हाडीमाशी मुरलेले होते.

परंतु काळ बदलत होता. पूर्वेकडील कारखाने साच्यातून काढलेली स्वस्त रिळे हजारोंनी बाजारात ओतत होते. सामान्य माणसाच्या हाती प्रथमच रीळ आले, ही त्या बदलाची चांगली बाजू. हाताने घडविलेल्या रिळाची किंमत मात्र त्याच्या आवाक्यापलीकडे राहिली. मिशिगनमधील कॅलमझू येथील विल्यम शेक्सपिअर या तरुणाने अंगठ्याच्या कसरतीवरही उपाय काढला. दोरी फिरकीवर आपोआप एकसारखी पसरविणारी योजना त्याने रिळात आणली आणि १८९७ साली स्वतःची कंपनी काढली. प्रसिद्ध नाटककाराचे नाव धारण करणारा हा गृहस्थ पुढे या उद्योगातील एक मोठे प्रस्थ झाला.

१८९८ साली मीक यांची पेढी दुसऱ्यांच्या हाती गेली आणि वृद्ध कारागीर व्यवसायातून बाजूला झाले. १९०१ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाने रिळे निघत राहिली; परंतु १९१६ साली कनेटिकटमधील हॉर्टन कंपनीने ती पेढी विकत घेतली आणि मीक हे नाव केंटकीतून बाहेर पडले. घड्याळजीच्या बाकावर सुरू झालेली वस्तू शेवटी कारखान्यातच गेली.

हाती उरलेले

कारखान्याने जिंकले, हे खरे. त्या विजयातही एक गंमत आहे. १९५२ साली स्वीडनमधील अबू कंपनीने अँबॅसडर हे रीळ बाजारात आणले आणि आधुनिक बेटकास्टिंग रिळाचा तो आदर्श ठरला. रिळांकडे वळण्यापूर्वी ही कंपनी टॅक्सीचे मीटर बनवीत असे. मोजमापाच्या बारीक यंत्रात मुरलेले हातच पुन्हा एकदा या कामी आले होते. आता फेकताना चक्रे अलग होतात, फिरकीला आवर घालण्यासाठी केंद्रोत्सारी वा चुंबकीय ब्रेक असतो. तरीही नवे रीळ घेणारा ते सहसा तसेच वापरीत नाही. पावसाळ्याच्या संध्याकाळी तो ते उघडतो. ब्रेक कमी-अधिक करतो, फिरकी बदलतो, मूठ बदलतो. साच्यातून निघालेल्या हजारो रिळांपैकी एकाला आपल्या हाताचे वळण देऊ पाहतो. मीक यांच्या दुकानात ग्राहकाला जे सांगून मिळत असे, ते आज त्याला स्वतःच करून घ्यावे लागते.

मीक यांच्या जुन्या रिळांची एक खूण संग्राहक आवर्जून पाहतात. रिळाच्या बाजू जोडणारी मळसूत्रे हाताने कापलेली असल्याने एका भोकाचे मळसूत्र दुसऱ्यात नीट बसत नसे. म्हणून प्रत्येक मळसूत्रावर आणि त्याच्या भोकाशी जुळती खूण कोरलेली असे. मालकाने रीळ साफ करायला उघडले, तर प्रत्येक मळसूत्र पुन्हा आपल्याच घरी जावे, एवढ्यासाठी. आपले रीळ कोणीतरी पुन्हा पुन्हा उघडणार, पुसणार, जपणार, हे त्या कारागिराने घडवितानाच गृहीत धरले होते. शतकाहून अधिक काळ लोटला, तरी त्यांतली कित्येक रिळे अजून सुरळीत फिरतात आणि त्यांची मळसूत्रे आपापल्या जागी आहेत.