जॉन लँग्डन डाउन

जॉन लँग्डन हेडन डाउन (१८ नोव्हेंबर, १८२८ – ७ ऑक्टोबर, १८९६) हे ब्रिटिश डॉक्टर होते. आज ज्या जन्मजात अवस्थेला डाउन सिंड्रोम म्हटले जाते, तिचे स्वतंत्र अवस्था म्हणून पहिले नेमके वर्णन त्यांनी १८६६ साली प्रसिद्ध केले. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना शिक्षण, प्रशिक्षण आणि सन्मानाची वागणूक मिळाली पाहिजे, यासाठी त्यांनी सुमारे चार दशके काम केले. डाउन यांनी पाहिलेली बहुतेक मुले वार्धक्यापर्यंत पोहोचत नसत. आता या अवस्थेतील व्यक्ती साठीपर्यंत जगतात. त्यामुळे प्रौढ वयातील स्मृतिभ्रंश आणि मेंदूतील रक्तप्रवाह हे विषय डाउन यांच्या कार्याचा पुढचा अध्याय ठरले आहेत.

प्रारंभिक जीवन

डाउन यांचा जन्म इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यातील टॉरपॉइंट या गावी झाला. त्यांचे वडील जोसेफ यांचे तेथे औषधे व किराणा मालाचे दुकान होते. चौदाव्या वर्षी शाळा सोडून जॉन दुकानात वडिलांच्या हाताखाली काम करू लागले. याच तरुण वयातील एक प्रसंग त्यांनी पुढे सांगितला आहे. सहलीला गेले असताना पावसामुळे त्यांनी एका झोपडीचा आसरा घेतला. तेथे पाहुण्यांची सरबराई करणारी एक मंदबुद्धी मुलगी त्यांना दिसली. तिच्यासाठी काहीच करता येणार नाही का, हा प्रश्न त्यांच्या मनात घर करून राहिला.

अठराव्या वर्षी ते लंडनला आले. प्रथम त्यांनी एका शल्यविशारदाकडे उमेदवारी केली. नंतर फार्मास्युटिकल सोसायटीच्या प्रयोगशाळेत त्यांनी रसायनशास्त्राचे शिक्षण घेतले. प्रसिद्ध शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यांना वायूंवरील प्रयोगांत त्यांनी साहाय्य केल्याचे सांगितले जाते. प्रकृती ढासळल्याने त्यांना काही काळ गावी परतावे लागले. वडिलांच्या निधनानंतर १८५३ साली त्यांनी लंडन हॉस्पिटलच्या वैद्यकीय विद्यालयात प्रवेश घेतला. तेथे ते अत्यंत हुशार विद्यार्थी म्हणून गणले गेले. १८५६ साली त्यांना वैद्यकीय व्यवसायाची पात्रता मिळाली.

अर्ल्सवुड येथील कार्य

लंडनमध्ये प्रतिष्ठेचा व्यवसाय करण्याची संधी असतानाही डाउन यांनी १८५८ साली सरे परगण्यातील अर्ल्सवुड येथील संस्थेचे वैद्यकीय अधीक्षकपद स्वीकारले. ही संस्था बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींसाठी होती. त्या काळच्या वैद्यकीय भाषेत अशा व्यक्तींना ‘इडियट’ म्हणत आणि संस्थेच्या नावातही तो शब्द होता. अशा क्षेत्राकडे हुशार डॉक्टर सहसा वळत नसत. डाउन यांच्या निर्णयाचे त्यांच्या सहकाऱ्यांना नवल वाटले.

डाउन यांनी मुलांना शिक्षा करण्यास मनाई केली आणि स्वच्छता व आहार सुधारला. जेवताना काटा-चमचा वापरणे, कपडे घालणे, पैशांची देवघेव, शिवणकाम, सुतारकाम अशा गोष्टी टप्प्याटप्प्याने शिकवण्याची पद्धत त्यांनी राबवली. संस्थेतील जेम्स हेन्री पुलेन हा रहिवासी पुढे कुशल सुतार व कारागीर म्हणून प्रसिद्धीस आला.

१८५९ साली डाउन यांना लंडन विद्यापीठाची एम.डी. पदवी मिळाली. त्याच वर्षी लंडन हॉस्पिटलमध्ये साहाय्यक डॉक्टर म्हणून त्यांची नेमणूक झाली. १८६० साली त्यांचा मेरी क्रेलिन यांच्याशी विवाह झाला. मेरी यांनी अर्ल्सवुडच्या कामात सुरुवातीपासून वाटा उचलला. याच काळात डाउन यांनी रहिवाशांची दोनशेहून अधिक छायाचित्रे काढली. डोक्याची मापे, तोंडाची व टाळूची रचना, कौटुंबिक इतिहास आणि मृत्यूनंतर मेंदूची तपासणी अशा नोंदीही त्यांनी ठेवल्या. वैद्यकीय अभ्यासासाठी छायाचित्रणाचा उपयोग करणाऱ्या आरंभीच्या डॉक्टरांत त्यांची गणना होते.

१८६६ सालचा निबंध

१८६६ साली लंडन हॉस्पिटलच्या वार्षिक अहवालात डाउन यांचा एक छोटा निबंध प्रसिद्ध झाला. बौद्धिक अक्षमतेचे चेहऱ्याच्या ठेवणीनुसार वर्गीकरण करण्याचा त्यात प्रयत्न होता. तेव्हाच्या वंशकल्पनांचा आधार घेऊन त्यांनी एका गटाला ‘मंगोलियन’ असे नाव दिले. या गटातील मुले एकमेकांच्या भावंडांसारखी दिसतात, ही त्यांची मुख्य नोंद होती. आपल्याकडे येणाऱ्या मुलांपैकी दहा टक्क्यांहून अधिक मुले या गटातील असल्याचे त्यांनी नमूद केले.

ही अवस्था जन्मापासूनच असते, नंतरच्या अपघाताने किंवा आजाराने येत नाही, हे त्यांनी अचूक ओळखले. ही मुले उत्तम नक्कल करतात, त्यांना विनोदाची जाण असते आणि प्रशिक्षणाने त्यांची बरीच प्रगती होते, असेही त्यांनी लिहिले. या मुलांचे रक्ताभिसरण क्षीण असते आणि उन्हाळ्यात झालेली बौद्धिक प्रगती हिवाळ्यात काही अंशी मागे पडते, अशीही त्यांची नोंद आहे. येथे रक्ताभिसरण म्हणजे एकूण शरीराचे रक्ताभिसरण अभिप्रेत होते. मेंदूतील रक्तप्रवाह मोजण्याचे साधन त्या काळी उपलब्ध नव्हते. या अवस्थेतील जवळजवळ निम्म्या मुलांत जन्मजात हृदयदोष असतो, हे पुढे स्पष्ट झाले.

कारणाबाबत मात्र डाउन यांचा अंदाज चुकला. आईवडिलांना असलेला क्षयरोग हे अनेक मुलांच्या बाबतीत मूळ कारण असावे, असे त्यांना वाटत होते. वंशाधारित नावही शास्त्रीयदृष्ट्या निराधार ठरले. असे असले तरी एका वंशातील आईवडिलांच्या पोटी दुसऱ्या वंशाची ठेवण दिसणारे मूल जन्माला येते, यावरून सर्व मानव एकाच जातीचे आहेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला होता. गुलामगिरीच्या समर्थनासाठी मानववंश मुळातच वेगळे असल्याचे मांडणाऱ्या तत्कालीन मताच्या हा निष्कर्ष विरोधात होता.

नॉर्मन्सफील्ड

अर्ल्सवुडच्या व्यवस्थापनाशी मतभेद झाल्याने डाउन यांनी १८६८ साली राजीनामा दिला. त्याच वर्षी थेम्स नदीजवळच्या हॅम्प्टन विक येथे त्यांनी व मेरी यांनी नॉर्मन्सफील्ड ही स्वतःची निवासी संस्था सुरू केली. सधन कुटुंबांतील मुले येथे येत. घरात लपवून ठेवल्या जाणाऱ्या या मुलांना येथे घोडेस्वारी, बागकाम, संगीत आणि नाटक शिकवले जाई. १८७९ साली संस्थेत स्वतंत्र नाट्यगृह उघडण्यात आले. संस्थेचा दैनंदिन कारभार प्रामुख्याने मेरी यांच्या हाती होता.

डाउन लंडनमध्ये खासगी व्यवसाय व रुग्णालयातील कामही करत राहिले. १८६९ साली ते रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचे फेलो झाले. स्त्रियांच्या उच्च शिक्षणाचा त्यांनी पुरस्कार केला. शिकलेल्या स्त्रियांची मुले मंदबुद्धी होतात, हा त्या काळी प्रचलित असलेला समज त्यांनी खोडून काढला. १८८७ साली लंडनच्या मेडिकल सोसायटीत त्यांनी लेट्सोमियन व्याख्याने दिली. बौद्धिक अक्षमतेचे जन्मजात, विकासकालीन आणि आघातजन्य असे तीन गट त्यांनी या व्याख्यानांत मांडले. एखाद्या विषयात असामान्य स्मरणशक्ती असलेल्या बौद्धिक अक्षम व्यक्तींचे वर्णनही त्यांनी केले.

७ ऑक्टोबर, १८९६ रोजी त्यांचे अकस्मात निधन झाले. त्यांची मुलगी लिलियन बालपणीच दगावली होती. रेजिनाल्ड व पर्सिव्हल हे दोन मुलगे डॉक्टर झाले आणि त्यांनी नॉर्मन्सफील्डचे काम पुढे चालवले. १९०५ साली रेजिनाल्ड यांना झालेल्या मुलाचे नाव आजोबांवरून जॉन असे ठेवण्यात आले. या मुलाला डाउन सिंड्रोम होता. त्याचे निधन १९७० साली झाले. आजोबांच्या काळात या अवस्थेतील मुलांना दुर्लभ असलेले दीर्घ आयुष्य त्याला लाभले.

नाव व कारण यांचा पुढील इतिहास

१९५९ साली फ्रान्समधील जेरोम लेझन, मार्थ गोतिये व रेमों त्युर्पँ यांनी या अवस्थेचे कारण प्रसिद्ध केले. पेशीत नेहमीच्या ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रे असून २१ क्रमांकाचे गुणसूत्र दोनऐवजी तीन असते, असे त्यांना आढळले. १९६१ साली एकोणीस तज्ज्ञांनी ‘द लॅन्सेट’मध्ये पत्र लिहून वंशवाचक नाव वगळण्याचे आवाहन केले. त्यात डाउन यांचे नातू नॉर्मन लँग्डन-डाउन हेही होते. मंगोलियाच्या विनंतीनंतर १९६५ साली जागतिक आरोग्य संघटनेनेही जुने नाव सोडून दिले. डाउन सिंड्रोम हे नाव त्यानंतर सर्वत्र रूढ झाले.

प्रौढ वय, स्मृतिभ्रंश व मेंदूतील रक्तप्रवाह

या अवस्थेतील व्यक्तींना अकाली वार्धक्य येते, ही नोंद स्कॉटलंडमधील फ्रेझर व मिचेल यांनी डाउन यांच्या हयातीतच, १८७६ साली केली होती. १९२९ साली या अवस्थेतील आयुर्मान सुमारे ९ वर्षे होते. जंतुसंसर्गावरील औषधे, हृदयशस्त्रक्रिया आणि कुटुंबातील संगोपन यांमुळे ते आता सुमारे ६० वर्षांपर्यंत पोहोचले आहे. आयुष्य वाढले तसा अल्झायमर आजार समोर आला. १९४८ साली जॉर्ज जर्व्हिस यांनी डाउन सिंड्रोम असलेल्या प्रौढांतील अल्झायमरचे वर्णन केले.

या संबंधाचा रासायनिक धागा मेंदूच्या रक्तवाहिन्यांतच सापडला. १९८४ साली जॉर्ज ग्लेनर व केन वाँग यांनी अल्झायमरच्या रुग्णांच्या आणि डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्तींच्या मेंदूवरील आवरणातील रक्तवाहिन्यांमधून अमायलॉइड हे प्रथिन वेगळे केले. दोन्हींतील प्रथिन सारखेच असल्याचे दिसून आले. हे प्रथिन ज्यापासून तयार होते त्याचे जनुक २१व्या गुणसूत्रावरच असल्याचे १९८७ साली स्पष्ट झाले. या जनुकाची एक प्रत जास्त असल्याने अमायलॉइड आयुष्यभर अधिक प्रमाणात तयार होते. चाळिशीपर्यंत जवळजवळ सर्वांच्या मेंदूत अल्झायमरचे बदल दिसतात. स्मृतिभ्रंशाचे निदान सरासरी पन्नाशीच्या मध्यावर होते.

शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के असलेला मेंदू विश्रांतीच्या अवस्थेत शरीरातील सुमारे २० टक्के प्राणवायू वापरतो. त्यामुळे रक्ताचा अखंड पुरवठा त्याला आवश्यक असतो. रक्तवाहिन्यांच्या भिंतींत अमायलॉइड साचल्यास त्या दुर्बल होतात, त्यांची प्रसरणक्षमता घटते आणि सूक्ष्म रक्तस्राव होऊ शकतो. स्मृतिभ्रंश झालेल्या प्रौढांत मेंदूच्या काही भागांतील रक्तप्रवाह घटलेला दिसतो. रक्तातील पाण्यावर चुंबकीय खूण करून हा प्रवाह सुई न टोचता एमआरआयद्वारे मोजता येतो. रक्तवाहिन्या बिघडल्याने प्रवाह घटतो की पेशी मंदावल्याने त्यांची मागणीच कमी होते, हा संशोधनाचा कळीचा प्रश्न आहे. डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्तींत उच्च रक्तदाब व धमनीकाठिण्य तुलनेने कमी आढळतात. त्यामुळे वाहिन्यांवरील अमायलॉइडचा परिणाम या इतर कारणांपासून वेगळा करून अभ्यासणे त्यांच्या बाबतीत अधिक शक्य होते.

स्मृतिभ्रंशाची पहिली लक्षणे अनेकदा विस्मरणाऐवजी स्वभावातील बदल, निरुत्साह किंवा नेहमीची कामे सुटणे अशी असतात. थायरॉइडचे विकार, बहिरेपणा, झोपेत श्वास अडखळणे आणि नैराश्य यांमुळेही असे बदल होतात. यांवर उपचार शक्य असल्याने तपासणीविना स्मृतिभ्रंशाचा शिक्का मारणे धोक्याचे असते. तरुणपणी ती व्यक्ती कोणती कामे स्वतः करत होती, याची नोंद असल्यास निदान सोपे होते. प्रत्येक मुलाच्या क्षमतांची स्वतंत्र नोंद ठेवण्याची डाउन यांची पद्धत या दृष्टीने आजही उपयुक्त आहे.

वारसा

नॉर्मन्सफील्ड संस्था पुढे ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेकडे गेली आणि १९९७ साली बंद झाली. तेथील नाट्यगृह जतन करण्यात आले आहे. तो परिसर आता लँग्डन डाउन सेंटर म्हणून ओळखला जातो आणि डाउन्स सिंड्रोम असोसिएशन या संस्थेचे कार्यालय तेथे आहे. डाउन यांचे वर्गीकरण व कारणमीमांसा कालबाह्य झाली. या व्यक्तींसाठी काहीतरी करता येते, हा त्यांचा आग्रह मात्र टिकून आहे. बालकांच्या शिक्षणापासून सुरू झालेले ते काम आता त्याच व्यक्तींच्या वार्धक्यातील स्मृती जपण्याच्या प्रयत्नांपर्यंत पोहोचले आहे.